भर दुपारचा पहारा

श्रावण डबा बडवत होता आणि गाव झोपलं होतं.

टेकडीवरून त्याला सगळं दिसत होतं. विधवा सत्यभामेच्या कुडाच्या घरामागून आधी बारीक धूर निघाला, मग छपराच्या कोपऱ्याला जाळ लागला. घासलेटचा रिकामा डबा तो काठीनं जीव खाऊन बडवत होता, ओरडत होता. पण वारा उलटा, त्याचं ओरडणं मागच्या रानातच जिरत होतं. डब्याचा आवाज तेवढा गावात पोचला. लोकांनी तो ऐकला आणि कूस बदलली. उन्हाळ्यात छपरांवर वांदरं उतरली, की ढाणकीजवळच्या त्या गावात घरोघर डबेच वाजत. ही साधी गोष्ट इशाऱ्यासाठी डबा ठरवताना कुणाच्याच ध्यानात आली नव्हती, श्रावणच्याही नाही.

मागच्या उन्हाळ्यात आगीत कडब्याच्या गंज्या आणि काही घरं गेली होती. म्हणून यंदा सरपंच विठ्ठलराव पाटलांनी चावडीवर माणसं जमवून सांगितलं, की चैत्र-वैशाखात भर दुपारी कुणीतरी आपखुशीनं टेकडीवर बसावं आणि धूर दिसला की गावाला उठवावं. कुणी पुढं आलं नाही. उन्हात फुकट तापायची हौस कुणाला असणार? मग मागून श्रावणनं हात वर केला.

त्याच्या बापानं, आज्यानं गावाची राखण केली होती, पण ती हुकमानं, भाकरतुकड्यावर. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर श्रावणनं ते काम सोडलं, मयतीला-लग्नात वाजवायचं डफडंही सोडलं. आता गाव विचारत होतं आणि तो स्वतःहून हो म्हणत होता. एवढ्यानंच त्याची छाती भरून आली होती. विठ्ठलरावांनाही बरं वाटलं. ते सहज बोलून गेले, की श्रावण बसणार म्हणजे डफडं आहेच, डफड्यावर गाव हटकून उठतं.

"पहारा मी करतो, पाटील," श्रावण म्हणाला. "पण डफडं नाही वाजोणार. ते सोडलं मी."

थोडी कुजबुज झाली आणि शेवटी डबा ठरला.

तोच डबा फेकून तो आता उतारावरून धावत सुटला. सत्यभामा विहिरीवर गेली होती, आत तिची आंधळी सासू होती. श्रावणनं पेटत्या दारातून म्हातारीला उचलून बाहेर आणलं. तोवर लोक जागे झाले, बादल्या आल्या, शेजारची घरं वाचली. म्हातारी मात्र दिवेलागणीला गेली.

त्याला कुणी शिवी दिली नाही. विठ्ठलराव तेवढे हळूच म्हणाले, "डफडं वाजलं असतं तं गाव उठलं असतं, श्रावण." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

घरी बायको, कौसल्या, त्याच्या भाजल्या हातांना खोबरेल लावत होती. आपलं चुकलं काय, असं त्यानं तिला विचारलं.

"डफडं धरलं असतं तं उद्या मयतीले बलावलं असतं, परवा लग्नात," ती म्हणाली. मग त्याचा दुसरा हात पुढं ओढून घेत म्हणाली, "पण म्हातारी गेली नं."

दोन्ही खरं होतं. त्यातलं एकही त्याला खोटं पाडता येईना आणि त्याचा जीव आतल्या आत तुटत राहिला.

तरी दुसऱ्या दुपारी तो टेकडीवर जाऊन बसला. कुणी बस म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. तो रोज जात राहिला.

म्हातारीची तेरवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सत्यभामा टेकडी चढून येताना दिसली. श्रावण उठून उभा राहिला. ती बोलेल ते खाली मान घालून ऐकायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

तिला धाप लागली होती. धूर पहिल्यांदा कुठून दिसला, एवढंच तिनं विचारलं. त्यानं चिंध्या बांधलेला हात लांब केला. खाली छपरांच्या रांगेत तिच्या घराची जागा काळी पडली होती. ती तिकडे पाहत राहिली.

"तुमी बसा, भाऊ," ती म्हणाली. "मी खाली राह्यतो. तुमी नुसता हात हालोला तरी मले दिसन. मी दारोदार जाऊन लोकायले उठोतो."

ती डोक्यावरचा पदर सारखा करून उतरून गेली. थोड्या वेळानं ती जळक्या जागेपाशी उन्हात बसलेली दिसली, टेकडीकडे तोंड करून.