घरच्या शाळेची तपासणी

आईबापाइतका चांगला शिक्षक जगात नाही, असं नासंबूचं ठाम मत होतं. लेकीचा भागाकार मात्र तिने फुलांच्या कंपनीच्या संडासातून, नळ सोडून, फोनवर चार मिनिटांत उरकला. पॅकिंग शेडमध्ये फोनला बंदी होती.

"बाकी किती उरली?"

"दोन."

"मागे कसला गलका गं?"

"रेडिओ," नालियाका म्हणाली.

नऊ वर्षांची पोर दिवसभर एकटी. रेडिओची तरी सोबत. नासंबूने फोन ठेवला, तोच तो पुन्हा थरथरला. शेजारीण होती.

"नालियाकाची आई, आपल्या भागाचे सरकारी अधिकारी, चीफ, येऊन गेले. बरोबर पोलीस होता. पोरीबद्दल बोलायचंय म्हणाले. सहाला परत येतायत."

मागच्याच महिन्यात तळ्यापलीकडच्या एका जोडप्याला, मुलं शाळेत घालत नाहीत म्हणून, पोलिसांनी दोन दिवस आत ठेवलं होतं. "त्यांनी खबरदारी घेतली नाही," असं तेव्हा नवरा, माकोखा, म्हणाला होता. त्याची खबरदारी अशी: नालियाकाने रोज सकाळी सरकारी शाळेचा गणवेश घालून साऱ्या गल्लीदेखत निघायचं, वळसा घालून मागच्या दाराने घरात यायचं आणि आईबापांनी लिहून ठेवलेला अभ्यास करायचा. त्या शाळेत एकेका वर्गात ऐंशी पोरं कोंबलेली. म्हणून तर तिला तिथे घातलं नव्हतं.

सहाला माकोखा पाण्याचा टँकर रस्त्यातच लावून धावत आला. चीफ गिचुरू खुर्चीत बसले होते. पोलीस दारात, दार अडवून.

चीफनी चहात तीन चमचे साखर घातली. जरा विचार करून चौथा घातला.

"नालियाकाचे बाबा, मुलगी शाळेत जाते?"

"जाते की. गल्लीला विचारा."

"विचारलं." चीफनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "शाळेलाही विचारलं."

काट्यांनी ओरबाडलेले हात नासंबूने मांडीत दाबून धरले. "साहेब, पोरीचा दोष नाही. आमच्या ड्यूट्याच अशा..."

"जानेवारीत शाळेचं वर्ष सुरू झाल्यापासून चौथीच्या शेवटच्या बाकावर बसते ती. ऐंशीत एक जास्त, जून आला तरी कुणाला पत्ता नाही. परवा परीक्षेत एक पेपर कमी पडला, तेव्हा पोरं मोजली. हजेरीत नाव नाही, आईबाप कोण ठाऊक नाही, म्हणून मला शोधायला सांगितलं."

माकोखाने मुलीकडे पाहिलं. ती नखं कुरतडत होती.

"मागच्या दाराने यायचं ठरलं होतं ना गं?"

"आधी यायचे," ती पुटपुटली. "घरात कुणीच नसायचं."

चीफनी चहा संपवला आणि कागद टेबलावर ठेवला.

"मुख्याध्यापिकांनी बोलावलंय. दोघांनी यायचं, नाव घालायचं, सही करायची. नाही आलात, तर मग हा येईल." त्यांनी पोलिसाकडे मान हलवली. "शुक्रवारी, सकाळी दहा वाजता."

शुक्रवारी दोघांचीही ड्यूटी होती.