उजवीकडे अडलेली लहर

"काका, परत तिथंच अडली बघा!" बाई आतून ओरडल्या.

घासूकाका प्रयोगशाळेच्या दारातच थांबले. पडद्यावर अँटेनातून निघणाऱ्या लहरीचा उंचवटा डावीकडे तीस अंश सरसर गेला. उजवीकडे मात्र अठरावरच त्यानं बसकण मारली. चार दिवस हेच चाललं होतं. बाईंनी सगळं गणित तीनदा उलटंपालटं केलं होतं. उद्या समितीसमोर अँटेना चालली नाही, तर त्यांचं दोन वर्षांचं काम गुंडाळलं जाणार होतं.

अँटेना म्हणजे काय, तर पितळी पत्र्यावर चिकटवलेली, भट्टीत भाजलेली नाण्याएवढी पांढरी चकती. भोवती चार सुया. कुठल्या सुईला लहर किती मागंपुढं द्यायची, त्यावर ती कुठं झुकणार ते ठरायचं. चकत्या काका घासायचे. काचेवर ओली पूड पसरून, हातानं, एकतीस वर्षं.

त्याआधी लहर वळवायला मोठी तबकडी मोटरीवर फिरवावी लागे. तिच्या घरघरीनं कपाटातले पेले वाजायचे. मग जुन्या सरांनी काकांकडून पहिली चकती घासून घेतली. लहर वळली तेव्हा सर टाळ्या पिटत म्हणाले होते, "अरे, ही बया जागची हलत नाही, नि मान कशी वळवते बघ!" त्या दिवसापासून सर विचारायचे, "सपाट आहे ना रे?" काका अंगठा फिरवून "आहे" म्हणायचे, आणि असायचीच. सपाटी मोजायचा काटा डबीत पडून राहिला. घासायचं यंत्र आलं, तेही तळमजल्यावर खोक्यातच राहिलं. काकांचा हात असताना यंत्र कशाला?

आज सकाळी काकांनी डबी उघडली होती. अँटेनातल्या चकतीबरोबर एकाच दिवशी घासलेल्या, तिच्या जोडीच्या चकतीवर काटा ठेवला. एका कडेला तो हलला. केसाच्या निम्म्याएवढा. अंगठ्याला काहीच कळलं नव्हतं.

"बाई, गणित राहू द्या."

"राहू द्या काय? उद्या तोंड कुठं लपवू?"

"गणित बरोबर आहे. चकती कललीय. उजवीकडं खाली फट राहतेय."

"तुमची चकती? काका, थट्टेची वेळ आहे का ही? सर म्हणायचे, भिंत कलेल, पण—"

"सर गेले. माझ्या बोटांचंही वय झालं. तिच्या जोडीची मोजलीय मी."

"कधी?"

"सकाळी."

"आणि दुपारपर्यंत गप्प बसलात?"

"बसलो. खालचं खोकं फोडाल म्हणून."

बाई खुर्चीत टेकल्या.

"खोकं तर फुटेलच, काका," त्या हळूच म्हणाल्या. "पण उद्याची चकती तुम्हीच घासा. मोजून."

काका घासायला बसले. दहा वळसे, मग काटा. पुन्हा दहा. चष्मा सारखा घसरत होता. सगळी कचेरी घरी जायला निघाली, तेव्हा कुठं काटा चारी बाजूंना एकाच जागी थांबला.

बाईंनी नवी चकती बसवली आणि उठून खुर्ची काकांकडे सरकवली.

"बटण तुम्ही फिरवा."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"फिरवा हो."

एकतीस वर्षांत त्यांनी त्या बटणाला हात लावला नव्हता. खुर्चीत टेकून, बोटं शर्टाला पुसून त्यांनी ते अलगद वळवलं. उंचवटा उजवीकडे निघाला. अठरा ओलांडले. पंचवीस. तीस.

बाईंनी हुश्श केलं आणि आकडा वहीत उतरवला. काकांनी उंचवटा सावकाश मधोमध आणून ठेवला, आणि खुर्ची बाईंसाठी रिकामी केली.