मावण्याइतकं अंतर

टेबलावर चार लेन्स ओळीने मांडल्या होत्या, मुठीत मावतील एवढ्याशा. अठ्ठावीस, पस्तीस, पन्नास, पंच्याऐंशी. यातली एकही मागेपुढे होत नाही. जेवढं दाखवते तेवढंच दाखवते. आकडा लहान तेवढं अंगण मोठं, आकडा मोठा तेवढी चौकट अरुंद. जवळ-लांब करायचं ते आपल्याच पायांनी. हे तिला बाबांनी शिकवलं होतं, स्टुडिओतल्या स्टुलावर चढूनही तिचा डोळा कॅमेऱ्यापर्यंत पोचत नव्हता तेव्हा.

आता ती वर्षभरासाठी मालवाहू जहाजावर निघाली होती, खलाशांचे फोटो काढायला. बॅगेत जागा दोनच लेन्सना. आणि बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू.

डॉक्टर अंशांत बोलत, बाबा मिलिमीटरमध्ये. कडेकडेने अंधार आत सरकत होता, तो ते कॅमेऱ्याला डोळा लावून मोजत: नुसत्या डोळ्यांना आता कुठल्या लेन्सएवढं दिसतं. "अठ्ठावीस गेली गं ठमे," दोन वर्षांपूर्वी ते म्हणाले होते, शेजारी घर सोडून गेल्यासारखं. त्यानंतर मात्र एकच उत्तर: "पस्तीसवर थांबलंय." त्या पस्तीसच्या भरवशावर तिने जहाजाला होकार कळवला होता. पंच्याऐंशीवर आलं की एकट्याने राहायचं नाही, हे त्यांनीच कबूल केलेलं.

"पस्तीस घेच," बाबा म्हणाले. "ती लावून धड माणूस टिपायचा तर त्याच्या दोन पावलांवर जावं लागतं. भिडस्तांचं काम नाही ते."

"आणि दुसरी?"

"पन्नास."

"पंच्याऐंशी नको? चेहरे काय सुरेख येतात!"

"लांबून चोरलेले चेहरे. आणि जहाजावर मागे मागे सरकून जाणार कुठे, पाण्यात?"

ती हसली. दोन लेन्स कापडात गुंडाळल्या आणि नेहमीसारखी त्यांच्यासमोर उभी राहिली. "चला, आता तुमची परीक्षा. काय काय दिसतंय?"

बाबा खुर्चीत ताठ झाले. धडा म्हणावा तसं म्हणू लागले, "डावीकडे खिडकी, पडदा अर्धा. मधोमध तू, अवतार बघण्यासारखा. उजवीकडे भिंतीवर तुझी आई, माझ्यावर वैतागलेली."

भिंतीवर आई नव्हती. तडकलेली काच बदलायला तो फोटो ती सकाळीच फ्रेमवाल्याकडे देऊन आली होती. तिथे नुसता खिळा होता, आणि खिळ्याखाली रंग न उडालेला चौकोन.

ती त्या खिळ्याकडे वळली.

"काय झालं गं?"

"आई फ्रेमवाल्याकडे आहे, बाबा."

त्यांचा हात गुडघ्यावर उगाच फिरत राहिला. "सांगून तरी जायचं तिने," ते म्हणाले. दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

"खरा आकडा सांगा."

"एकशे पस्तीस."

"कधीपासून?"

"तू होकार कळवलास, त्याच्या आधीपासून."

म्हणजे पन्नास गेली, पंच्याऐंशी गेली, आणि या घरात कुणी ते बोललंच नव्हतं. ती त्यांच्यापुढे खाली बसली. त्यांच्या मांडीवर हात ठेवला, चेहरा अगदी त्यांच्या चेहऱ्याजवळ नेला. "मी दिसते का?"

"एक डोळा. थोडं नाक. नाक माझंच दिलेलं, म्हणून ओळखलं." ते थांबले. "जवळ आलीस की तुकडाच हाती लागतो बघ. मागे जा."

ती उठली. एक पाऊल मागे, दोन पावलं मागे. टेबल मागे टाकलं, उंबरठा ओलांडला, पायऱ्या उतरली.

"अजून?"

"अजून."

तिची टाच फाटकाला लागली.

"मावलीस!" बाबा उघड्या दारातून ओरडले. "चपलांसकट मावलीस."

"एवढ्या लांबून चेहरा कळतो का?"

"चेहरा पाठ आहे मला. आख्खी बघायची होती."

एक पाऊल पुढे टाकलं असतं तर तिची पावलं गेली असती. दुसरं टाकलं असतं तर गुडघे.

"मी नाही जात, बाबा. जहाजाला कळवते."

"त्यावर मग भांडू. आता हलू नकोस."

जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आले तसंच, त्याच दटावणीच्या सुरात. ती हलली नाही. गालावरून पाणी ओघळून हनुवटीपर्यंत आलं, तरी पुसायला तिने हात उचलला नाही.