दर्यावरच्या गाठी

फौजदार रामराव कचेरीत शिरले तेव्हा वाहेदभाई भिंतीवरच्या नकाशासमोर स्टुलावर उभे होते आणि त्यांच्या चिमटीत एक सरकी होती.

"उतरा खाली, मियाँ," फौजदार म्हणाले. "हातात काय हाये?"

"सरकी हाये, साहेब."

"ते दिसते मले. भिंतीले काऊन चिकटवून राह्यले?"

वाहेदभाई उतरले. दाराशी दोन शिपाई उभे राहिले आणि कचेरीत एकदम अंधारून आले. मोतीराम आपल्या टेबलामागून उठला.

ओसाकाच्या एका कापूस कंपनीची ही खामगावची शाखा. साल एकेचाळीस, ऑगस्ट महिना. जपानी कंपन्यांची इथली सगळी मालमत्ता सरकारने जुलैच्या अखेरीस गोठवली होती. कंपनीच्या साहेबांना मुंबईला बोलावणे आले, ते अजून परतले नव्हते. गाठी दाबायचा प्रेस बंद, बाजार बंद. कचेरीत उरले होते हे दोघे. जानेफळचे वाहेदभाई, कंपनीचे जुने मुनीम. आणि अमडापूरचा मोतीराम, नागपूरहून बी.एस्सी. होऊन वर्षापूर्वी इथे लागलेला.

या कचेरीच्या हिशोबात मोतीरामला सगळ्यात आवडायचे ते दर्याखाते. खामगावात दाबलेली गाठ मुंबईच्या धक्क्यावर असेपर्यंत खामगावच्या वहीत असते. कोबे बंदरात उतरली की ओसाकाच्या वहीत जाते, रुपयांचे येन होतात. पण मधले कित्येक दिवस ती पाण्यावर असते. तेव्हा ती कुणाची? दोघांनीही लिहिली तर एका गाठीच्या दोन होतात, आणि दोघांनीही सोडली तर ती जगातून नाहीशी होते. प्रयोगशाळेत तो शिकला होता की पदार्थ नाहीसा होत नाही. तेच इथे रुपये आणि येनमध्ये सांभाळायचे होते. म्हणून जहाज सुटले त्या दिवशी गाठ खामगावातून काढून दर्याखात्यात घालायची, आणि दर धरायचा तोही त्याच दिवसाचा.

वाहेदभाईंना वहीतले पाणी डोळ्यांपुढे दिसत नसे. म्हणून त्यांनी नकाशा लावला होता. एक जहाज, एक सरकी, कणकेच्या खळीने चिकटवलेली. मुंबईहून कार्ड आले की सरकी समुद्रात, ओसाकाची तार आली की सरकी कोब्याला.

फौजदारांनी नकाशा जवळून पाहिला. कोलंबोच्या खाली एक सरकी होती, सिंगापूरच्या पुढे दोन. त्यांनी शिपायाला खूण केली. शिपायाने खिळे उपटले आणि नकाशा गुंडाळला. सरक्या टपटप खाली पडल्या.

"आता हे सांगा," फौजदारांनी खिशातून पोस्टकार्ड काढले. "हे अक्षर कोनाचं?"

"माहंच हाये, साहेब."

"'बशीरभाईस सलाम. आपल्या चारशे गाठी ज्या मारू बोटीवर चढल्या ती सुटली का? सुटली असल्यास कोणत्या तारखेस? जरूर कळवणे.' मुंबईच्या डाकेत सापडलं. जंग चालू हाये, मियाँ. जहाज कवा सुटलं हे इचारनं म्हंजे काय, समजते का तुमाले?"

"मी तं दर खेपेले इचारतो," वाहेदभाई म्हणाले. "बशीर धक्क्यावर कारकून हाये. तो लिहिते, मी खात्यात घालतो. साहेब, चोर कार्डावर लिहीन का? सारा डाकखाना वाचते."

"म्हनूनच तं आम्हीही वाचलं."

शिपाई हसला. वाहेदभाईही हसायला गेले, पण ओठ हलले तेवढेच.

"डिफेन्सचा कायदा हाये," फौजदार म्हणाले. "याच्यात वकील नाई, जामीन नाई. कोन्या जेलात ठेवलं हे बायकोलेही सांगत नसतात. घरी कोन हाये?"

"नसीमा हाये. आन् पोरगी, शाहजादी. तिचं लग्न ठरलं हाये, साहेब."

मोतीरामला वाटले, आता समजावून सांगितले की झाले. हे गृहस्थ वाचतात, ऐकून घेतात. तो पुढे झाला आणि त्याने दर्याखाते सांगितले. सरकारने कोष्टक मागितले आहे की गोठवण्याच्या हुकमाच्या दिवशी कंपनीचा कोणता माल इकडे होता. जहाज हुकमाआधी सुटले असेल तर चारशे गाठी ओसाकाच्या. नंतर सुटले किंवा अडकले असेल तर त्या इकडच्या, म्हणजे गोठवलेल्या. एका तारखेवर चारशे गाठी या देशाच्या की त्या देशाच्या हे ठरते. तारीख विचारल्याशिवाय हे लिहिणार कसे?

फौजदारांनी मध्ये एकदाही अडवले नाही. मग शांतपणे बगलेतली चामडी पिशवी उघडली.

"हे कोष्टक तूच लिहिलं ना? डेप्युटी कमिशनरच्या हापिसातून आलं. खाली सही तुही हाये, साहेबांकरिता म्हणून."

"हो."

"याच्यात तं तारीख लिहेल हाये. चोवीस जुलै. गाठी दर्यावर, इकडं काही नाई." त्यांनी कार्ड कोष्टकाशेजारी ठेवले. "आन् कार्ड याच्या दुसऱ्या दिवशीचं हाये. ज्याले तारीख ठाऊक हाये तो दुसऱ्या दिवशी पुन्हा काऊन इचारते? दुसऱ्या कोनाले तरी पक्की करून द्याची असन तवाच इचारते. तू शिकेल मानूस हायेस. तूच सांग."

मोतीरामने ते मनात पुन्हा तपासले. तर्कात कुठेही भोक नव्हते.

कोष्टक देण्याचा दिवस येऊन ठेपला होता. वाहेदभाई म्हणाले होते, "बशीरचं कार्ड येऊ दे." पण कार्ड येईना. मग मोतीरामने जुन्या सगळ्या खेपा काढल्या. माल चढला कधी, जहाज सुटले कधी, त्यातले अंतर मांडले, सरासरी काढली. अंतरे एकमेकांच्या इतकी जवळ होती की त्याला आनंदच झाला. चोवीस जुलै. रकान्यात ती तारीख घातली. पुढे 'अंदाजे' लिहिले नाही, कारण रकाना चिंचोळा होता आणि उत्तर त्याला बरोबर वाटत होते. वाहेदभाईंना सरासरी पटली नाही. "सरासरीवर जहाज चालते का, भाऊ?" असे म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी कार्ड टाकले.

आता दोनच उत्तरे होती. तारीख ठाऊक होती म्हणावे तर वाहेदभाई गेले. ठाऊक नव्हती म्हणावे तर सरकारला खोटे लिहून दिले आणि शत्रू व्हायच्या बेतात असलेल्या देशाचा माल लपवला, तोही स्वतःच्या सहीने.

"जहाज सुटलं का नाई हे वरून आलेल्या कागदात हाये," फौजदार म्हणाले. "मी वाचलं. सांगनार नाई."

मोतीरामने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. डोळ्यांत, मिशीखाली, कुठे काही सापडते का ते शोधले. जहाज चोवीसला सुटले असेल तर त्याचे काही बिघडत नव्हते. पण तो चेहरा सरकारी होता. त्यावर काही लिहिलेले नव्हते.

"साहेब," वाहेदभाई एकदम म्हणाले, "पोराले काही ठाऊक नाई. तारीख मीच सांगतली होती त्याले. सारं माह्यावर लिहा."

"तुमाले कोनं सांगतली?"

वाहेदभाईंनी मोतीरामकडे पाहिले. कुणाचे नाव घ्यायचे हे त्यांनी ठरवले नव्हते.

"चला," फौजदार म्हणाले. शिपायाने वाहेदभाईंचा दंड धरला. इतक्या वर्षांचा माणूस, पण दंडाला हात लागताच लहान दिसू लागला. त्यांनी टोपी नीट केली.

"ती तारीख मला ठाऊक नव्हती," मोतीराम म्हणाला.

आवाज आपलाच आहे हे त्याला क्षणभर ओळखू आले नाही.

"काय म्हनलं?"

"मी अंदाज केला. मागच्या खेपांवरून. या कचेरीत ती तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. म्हणून यांनी विचारली. तुम्ही आलात तेव्हा त्यांच्या हातात जी सरकी होती ना, ती याच जहाजाची. मुंबईत ठेवावी की पाण्यात, हे त्यांना कळत नव्हतं."

वाहेदभाई पुटपुटले, "काऊन बोलला बे तू."

फौजदार खुर्चीवर बसले. त्यांनी कोष्टकातल्या तारखेवर बोट ठेवले. "म्हंजे सरकारले अंदाज लिहून दिला, आन् खरं म्हनून दिला."

"हो."

"चारशे गाठींचा."

"हो."

"लिही. जसं बोलला तसंच लिही. एक अक्षरही सोडू नको."

मोतीरामने लिहिले. लिहिताना त्याला समजत होते की प्रत्येक ओळ वाहेदभाईंना दारापासून आत आणते आहे आणि त्याला स्वतःला बाहेर नेते आहे. या वेळी त्याने 'अंदाजे' हा शब्द लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. फौजदारांनी कागद वाचला, घडी केली आणि शिपायाला मान हलवून खूण केली. शिपायाने वाहेदभाईंचा दंड सोडला.

"तुम्ही रोज ठाण्यावर हजेरी द्याची, मियाँ. कार्ड-बिर्ड बंद. आन् तू चल. बुलढाण्याले. तुहं काय कराचं ते तिथं साहेब ठरवतीन."

वाहेदभाई पायरीपर्यंत आले. मोतीरामचा हात दोन्ही हातांत धरून राहिले, शिपायाने सोडवला तोवर.

मोटार बोथ्याच्या घाटात शिरली तेव्हा दोन्ही बाजूंचे जंगल ओले आणि काळपट हिरवे होते. शेजारी बसलेला शिपाई वयस्क, बडबड्या होता. त्याने तंबाखू मळून पुढे केली. मोतीरामने नको म्हटले.

"चांगल्या घरचे दिसता, भाऊ. काय केलं तुम्ही? चोरी का मारामारी?"

"काही नाही. एक तारीख लिहिली."

"तारीख?" शिपाई मोठ्याने हसला. "एवढ्यासाठी कोनी बुलढाण्याले नेते का! मंग तं उद्या सकाळी घरी असान." मोटार वळणावर मंदावली. त्याने तंबाखू गालात सरकवली आणि सहज विचारले, "कोनती तारीख होती?"

मोतीरामने तोंड उघडले. फौजदारांनी न सांगितलेले, वरून आलेल्या कागदात असलेले, आपण सरासरीने गाठलेले ते कदाचित खरेच असेल, आणि मग जहाजाची खरी तारीख सांगणे हाच गुन्हा ठरेल, हे त्याच्या तेव्हा लक्षात आले. त्याने तोंड मिटले आणि बाहेर पाहू लागला. शिपायाने त्याच्याकडे निरखून पाहिले. मग हळूच अंग आवरून बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकला.