भावाच्या अंगणात

ओबिदियाने चुलीतली राख पाण्यात कालवली आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत फासून घेतली. मग कोवळ्या झावळीची एक पट्टी फाडून ती डोक्याला बांधू लागली. गाठ काही बसेना.

"आण इकडे," उगोमा म्हणाली आणि तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

उगोमा बाजारात पामतेल विकायची. आसपासच्या सगळ्या गावांतल्या बायकांना तिनेच निरोप धाडले होते. गाठ मारता मारता ती हलक्या आवाजात म्हणाली, "अजूनही घरी थांबलीस तरी चालेल. सख्खा भाऊ आहे तुझा. कोणी नावं ठेवणार नाही."

"तुम्हाला तो हाकलून देईल," ओबिदिया म्हणाली. "मला हाकलायला मात्र आमच्या बापाला मातीतून उठून यावं लागेल. त्या घराची थोरली माहेरवाशीण आहे मी."

"बाप उठला तरी तुला बघून परत झोपेल."

दोघी हसल्या. बाहेर वाटेवर तशीच राख फासलेल्या बायका जमल्या होत्या. कोणाच्या हातात मुसळ, कोणाच्या हातात नुसतीच हिरवी फांदी. कोरड्या वाऱ्याने उडवलेली धूळ सगळ्यांच्या अंगावर सारखीच बसली होती.

त्यांच्या गावांना पूर्वी चीफ, म्हणजे एकच मुखिया, असा नव्हताच. म्हातारी माणसं झाडाखाली बसत, ज्याला बोलायचं तो बोले, आणि सगळ्यांना पटलं की ते ठरे. गोऱ्या साहेबाला असलं गाव कळेना. त्याला एकच माणूस हवा होता. त्याने ओबिदियाच्या भावाच्या, एरोनिनीच्या डोक्यावर लाल टोपी ठेवली आणि झाला तो चार गावांचा चीफ. पुरुषांवर कर बसला तेव्हा आधी असेच मोजणारे आले होते. आता तेलाचा भाव पार खाली गेलेला असताना एरोनिनीची माणसं घरोघर जाऊन बायका आणि शेळ्या मोजू लागली होती. मोजणीनंतर काय येतं, हे कोणाला सांगायची गरज नव्हती.

एरोनिनीच्या अंगणात पोचेपर्यंत गाणं सुरू झालं होतं. नवऱ्याने बायकोला छळलं, बाजारात कोणी आगळीक केली, की बायका अशाच त्याच्या दारात येऊन बसत. ऐकेपर्यंत उठत नसत, आणि नाहीच ऐकलं तर त्याच्या घराचं छप्पर उतरवत. आज मात्र चार गावं एका दारात आली होती.

"एरोनिनी रे, आईला मोजलंस का?
मेली म्हणून सुटली का?"

बायका पाय आपटत होत्या, मुसळांनी भिंतीवर ताल धरत होत्या. एरोनिनीची बायको अदानमा मुलांना घेऊन सकाळीच घराबाहेर पडली होती. कडेवरचं मूल सावरत तीही गात होती. अशा दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, हा बायकांचा नियम होता, आणि तो मोडायची तिची इच्छाही दिसत नव्हती.

ऊन चढलं तेव्हा एरोनिनी दारात आला. डोक्यावर टोपी होती.

"ताई, तू आत ये. एकटी ये."

ओबिदियाने उगोमाकडे पाहिलं. उगोमाने मान डोलावली. गाणं थांबलं नाही.

आत अंधार होता. एरोनिनी बसला नाही, तीही बसली नाही.

"तुला काय वाटतं, मला हौस आहे?" तो म्हणाला. "साहेब म्हणाला मोज, मी मोजायला लावलं. मी नाही म्हटलं तर तो आपल्या दुभाष्याला चीफ करेल. तो तर तुमच्या अंगावरची वस्त्रंही मोजेल."

"त्याच्याही दारात जाऊन बसू."

"नदीकाठच्या गावात काय झालं ऐकलंस ना? सैनिकांनी गोळ्या घातल्या. बायकांवर, ताई!"

"ऐकलं."

"मग?"

तो जवळ आला. आवाज उतरला.

"तुझं नाव मी घालत नाही. तुझ्या सुनांचंही नाही. कोणाला कळणार नाही. तू फक्त यांना घरी ने."

ओबिदियाने त्याच्याकडे पाहिलं. आई गेली तेव्हा तो रांगत होता. ती त्याला पाठीला बांधून शेतात कंद काढायची, आणि तो तिच्या मानेवर लाळ गाळत झोपायचा.

"टोपी दे, एरोनिनी."

"नाही देता येत."

"मग छप्पर उतरेल."

"बापाने बांधलंय हे घर!"

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "झावळ्या मी विणल्यात."

ती बाहेर आली. कोपऱ्यातली लांब काठी तिने उचलली आणि आईची खोली होती त्या बाजूच्या छपरात घुसवली. पहिला हात तिचा पडायला हवा होता, नाहीतर बाकीच्या बिचकल्या असत्या. तिने काठी जोर लावून ओढली. वाळलेल्या झावळ्यांचा एक पट्टा सुटून खाली आला आणि धुळीचा लोट उठला. मग सगळ्याच पुढे झाल्या.

अर्धं छप्पर उतरलं तेव्हा एरोनिनी उन्हात उभा दिसला. भिंती होत्या, वर आभाळ होतं. त्याने टोपी काढली आणि बहिणीच्या हातात न देता तिच्या पायाशी जमिनीवर ठेवली.

काही दिवसांनी साहेब आला तो शिपाई घेऊनच. कोर्टाच्या आवारात सगळ्यांना बोलावणं झालं. मांडवात एका बाकावर आजूबाजूच्या गावांचे चीफ टोप्या घालून बसले होते. एरोनिनीलाही तिथेच बसवलं, बोडक्या डोक्याने. साहेबापुढच्या मेजावर त्याची टोपी होती. शिपायांनी ती बायकांकडून ओढून आणली होती. बायका आवाराच्या कडेला झाडाच्या सावलीत दाटीने उभ्या होत्या. तोंडं आज धुतलेली होती. ओबिदिया पुढेच होती. मागे जा म्हणून उगोमाने तिला दोनदा ढकललं होतं, ती हलली नव्हती. घरून निघताना सुनेला तिने धान्य कुठे आहे, बी कुठे आहे, सगळं सांगून ठेवलं होतं.

साहेब बोलला. दुभाष्याने सांगितलं, "साहेब विचारतात, यांची पुढारी कोण? तिचं नाव सांग. ती तुरुंगात जाईल, बाकीच्या घरी जातील, आणि तुझी टोपी तुला परत."

एरोनिनीने टोपीकडे पाहिलं. मग बायकांकडे. ओबिदियाने नजर खाली केली नाही. सांगायचं तर सांगू दे, असा तिचा चेहरा होता.

"ओळखू नाही आलं," तो म्हणाला. "तोंडाला राख होती सगळ्यांच्या."

दुभाषा हसला. "चीफ, तुमची बहीण होती म्हणतात त्यात. बहीणही ओळखू येत नाही?"

"बहीण लग्न करून दुसऱ्या गावी गेली," एरोनिनी म्हणाला. "तिथून इतक्या लांब कशाला येईल ती?"

सावलीतून कोणीतरी खाकरलं. साहेबाने पुन्हा काही विचारलं, दुभाष्याने तेच पुन्हा सांगितलं, आणि एरोनिनीने तेच उत्तर दिलं. साहेबाने टोपी उचलून खणात टाकली आणि बाकाकडे बघून हात झटकला. ऊठ, असा त्याचा अर्थ होता. दुभाष्याला मुद्दाम सांगावं लागलं नाही.

एरोनिनी उठला. मांडवाबाहेर ऊन रणरणत होतं. एवढ्या आवारात त्याला जायला जागा नव्हती. चीफ त्याच्याकडे बघत नव्हते, पुरुष लांब फाटकापाशी थांबले होते. तो झाडाकडे चालत आला.

ओबिदिया थोडी बाजूला सरकली आणि त्याला सावलीत जागा करून दिली.