पाहुण्याची खुर्ची

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात कॉलेजने मला चिंचवडजवळच्या एका पंपांच्या कारखान्यात काम शिकायला धाडलं. सुट्टी संपायच्या आत एक पंप स्वतःच्या हाताने जोडून साहेबांपुढे चालवून दाखवायचा, नाहीतर वर्ष लटकणार, अशी अट होती. मी साताऱ्याकडचा, हिंदुराव. राग माझ्या नाकावर असतो, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या दिवशी फोरमन दौलतरावांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली. ते आकुर्डीचे, घरची शेती सांभाळून कारखान्यात लागलेले. "बसा पाव्हणं," म्हणाले आणि मसाल्याचं दूध पुढे केलं. मी पाना उचलला तर त्यांनी तो हळूच काढून घेतला. "ऱ्हाऊ द्या. कापडं खराब व्हतील."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दुधात केशर आलं. बाकीचे लोक घाम गाळत पंप जोडताहेत आणि मी आपला सत्यनारायणाला बसल्यासारखा खुर्चीवर! दुपारी दौलतरावांची मुलगी शालन भाकरी घेऊन यायची, माझ्याकडे एक नजर टाकायची आणि निघून जायची. असा आठवडा गेला. एवढ्या मायेने दूध पाजणाऱ्यावर रागवायचं तरी कसं? माझा जीव टांगणीला लागला होता आणि वजन तेवढं वाढत होतं.

रविवारी दौलतरावांनी घरी बोलावलं. घरी तरी मोकळेपणाने बोलता येईल म्हणून मी आनंदाने गेलो. बघतो तर ओसरीवर नवी सतरंजी, चार वडीलधारी फेटे बांधून बसलेले, आणि शालन डोक्यावर पदर घेऊन पोह्यांची बशी पुढे करतेय. बशी ठेवून ती आत गेली आणि आईला म्हणाली, ते मला स्वच्छ ऐकू आलं.

"आये, मला न्हाई करायचा ह्यो. आठ दिस झालं, खुर्चीत बसून दूध पितोय. हात बघ त्याचं, लोण्यावाणी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जे मागितलंच नाही, त्याला नकार!

"मी मुलगी बघायला आलोच नाही!" मी ओरडलो.

"मग आलाय कशाला?" दौलतराव चक्रावले.

"काम शिकायला!"

"पगार?"

"काही नाही."

एका म्हाताऱ्या फेट्याने कीव आल्यासारखं माझ्याकडे बघितलं. दौलतरावांनी कपाळाला हात लावला. "आमाला काय ठावं! शिकल्यालं पोरगं फुकाट राबाया येतंय म्हणल्यावर कुनाला खरं वाटंल? म्हणलं, लगीनसराई हाय, पोरगं आधी गुपचूप घर बघाया आलंय."

पोहे मात्र मी संपवले. चांगले झाले होते.

सोमवारी खुर्ची गायब. "अरं ए हिंदू, हिकडं मर!" दौलतरावांनी आरोळी ठोकली. एवढं गोड मला आजवर कुणी बोललं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी मला धारेवर धरलं. पाणी गळू नये म्हणून पंपाच्या दांड्याभोवती ग्रीस चोपडलेली दोरी ठासून भरतात. मी ती सैल भरली तर शिव्या, घट्ट भरली आणि दांडा फिरेना तर दुप्पट शिव्या. बोटं सोलली, नखं काळी झाली, दूध कायमचं बंद झालं. मी रात्री मेल्यासारखा झोपायचो आणि सकाळी सगळ्यांच्या आधी हजर व्हायचो.

शेवटचा आठवडा उजाडला. परीक्षेआधी दौलतरावांनी माझा पंप हौदावर चढवला. इंजिन धडधडलं. पाईप कोरडाच. मग पाईपने दोन उचक्या दिल्या आणि पाण्याचा असा लोट आला की दौलतरावांचा फेटा भिजला. मी नाचलो. खरंच नाचलो.

"पोरा, परवा सायबाफुडं असाच चालव," दौलतराव फेटा पिळत म्हणाले. "मंग वर्ष जात न्हाई तुजं."

भाकरी घेऊन आलेली शालन दारात उभी होती. तिने माझे काळे, सोललेले हात नीट बघून घेतले. मग पदर सावरत बापाला म्हणाली, "दादा, आता बोलवा त्यास्नी पोह्याला."

दौलतरावांचा चेहरा फुलला. "आरं कोन हाय तिकडं! पाव्हण्यास्नी खुर्ची आना!"

मी पाना छातीशी धरून मागे सरलो. "येतो! नक्की येतो! पण परवाची परीक्षा झाल्यावर. तोवर मला ए हिंदूच म्हणा!"