बापाचा पक्ष

मतदान फायर स्टेशनात होतं. सकाळपासून मी तीनदा तिथवर गाडी नेली आणि तीनदा परत फिरवली.

माझी मुलगी मार्ला रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागत होती, काउंटी क्लार्कच्या, म्हणजे मतदारयाद्या सांभाळणाऱ्या कचेरीच्या प्रमुखाच्या जागेसाठी. चौदा वर्षं ती त्याच कचेरीत काम करतेय. आमच्या डोंगरात ही उमेदवारी मिळाली की नोव्हेंबरची निवडणूक नावालाच. याच उमेदवारीसाठी समोर असलेल्या स्पर्लॉकने चारचौघांत सांगितलं होतं, मी निवडून आलो की मार्ला घरी. आणि उमेदवार ठरवायला मत कुणाला? त्याच पक्षात नाव असलेल्यालाच. पक्ष बदलायचा तर आदल्या डिसेंबरातच.

वीस वर्षं मी दर नोव्हेंबरात रिपब्लिकनांनाच मत देतोय. बंदुका, कोळसा, चर्च, सगळ्यात माझं त्यांच्याशीच पटतं. नाव मात्र डेमोक्रॅटांत. मी अठराचा झालो तेव्हा बापाने खाणीतून आल्या आल्या, तोंडही न धुता, मला नेऊन ते नोंदवलं. संपात त्याचं डोकं फुटलं तेव्हा याच पक्षाची माणसं पीठ-बटाटे घेऊन दारात आली होती.

डिसेंबरात मार्लाने पक्ष बदलायचा अर्ज आणून दिला. सही करायला बसलो आणि बापाचं कोळशाने माखलेलं तोंड डोळ्यांपुढे आलं. अर्ज कोटाच्या खिशात कोंबला आणि तिला म्हणालो, "टाकला गं टपालात."

चौथ्या खेपेला आत गेलो. मतदारयादीपाशी ओपल बसलेली, शाळेपासूनची ओळखीची.

"डेल्बर्ट, तू अजून डेमोक्रॅटच की रे! मग पोरीला मत कसं देणार?"

"हळू बोल की, बये!"

"आता हळू बोलून काय? वरातीमागून घोडं!"

तिने दिलेल्या डेमोक्रॅटांच्या मतदानाच्या कागदावर मार्लाचं नावच नव्हतं. मी तो कोराच यंत्रात सारला.

संध्याकाळी निकाल लागला. मार्ला तीन मतांनी हरली. रोज सकाळी कॉफीला जमणारे आम्ही चौघेही असलेच, विचार इकडे आणि नाव तिकडे. चौघांनीही तिला तोंडभर आशीर्वाद दिले होते. मला घरात बसवेना; गाडी काढून तिच्याकडे गेलो.

ती अंगणातले स्वतःच्या नावाचे फलक उपटत होती.

"मार्ला, तो अर्ज..."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"जानेवारीपासून. याद्या मीच तपासते, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"मुदत संपली होती, मत गेलंच होतं. तुमचा फोन आला की वाटायचं, आज तरी सांगतील."

मला स्वतःची लाज वाटली. खिशातून तो चुरगळलेला अर्ज काढला, गाडीच्या टपावर ठेवून सही केली आणि तिच्यापुढे धरला.

तिने तो वाचला, नीट घडी घातली आणि परत माझ्या हातात ठेवला.

"जानेवारीत स्पर्लॉक त्या खुर्चीत बसला की त्याच्याकडे द्या," ती म्हणाली. "तेव्हा कचेरीच्या खिडकीवर मी नसेन."